कोरल रीफवर वर्म्स कसे शोधायचे, कसे ओळखायचे: खान्देशातून डाइव्हिंगला जाणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच मंडळी आता अंदमानला, मालवणला, मुरुडेश्वरला डाइव्हिंग करून येतात, आल्यावर मोबाइलमधले फोटो दाखवतात आणि फोटोत ठरलेलं असतं, कासव, निमो, एखादा लायनफिश. वर्मचा, म्हणजे समुद्रातल्या अळी-गांडुळासारख्या मऊ जीवाचा, फोटो क्वचितच कोणाकडे असतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण निमो बघायला जिथं सगळे गर्दी करतात तिथंच बाजूच्या कोरलवर, म्हणजे प्रवाळावर, निळे, पिवळे, लाल पंखे उघडून बसलेले वर्म असतात, खालच्या वाळूत पांढरे धागे पसरून जेवण गोळा करणारे असतात, आणि माणसं त्यांच्या वरून फिन्स (पायात घालायची रबरी वल्ही) मारत निघून जातात. तर हे सगळं त्यांच्यासाठी लिहितोय ज्यांना पुढच्या ट्रिपला वर्म बघायचेत. कसब म्हणाल तर एकच, एका जागी थांबता आलं पाहिजे, बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

कपाशीत ज्याने गुलाबी बोंडअळी शोधलीय त्याला ही नजर वेगळी शिकवावी लागत नाही. तो शेताच्या बांधावरून बघत नाही, ओळीत शिरतो, एका झाडाशी वाकतो, डोमकळी दिसली की तीच उघडून बघतो, मग पुढच्या झाडाकडे जातो. रीफवर हेच करायचं. अख्खी रीफ फिरून यायची घाई सोडून द्या, एक मोठं कोरल धरा आणि त्याला वरून, बाजूने, खालून नीट बघा.

आधी थोडी ओळख

वर्म म्हणजे एकच कुळ नाही, हे डोक्यात असलं की पाण्यात गोंधळ होत नाही. पहिलं कुळ अ‍ॅनेलिड, म्हणजे आपल्या शेतातल्या गांडुळाचेच भाऊबंद, अंगाला ओळीने कड्या. समुद्रातल्या बहुतेकांना कडीच्या दोन्ही बाजूंना केसांचे झुपके असतात, त्यांना पॉलिकीट म्हणतात, आणि रीफवर दिसणारे पंखेवाले, धागेवाले, जबडेवाले सगळे यातलेच. दुसरे फ्लॅटवर्म, एकदम चपटे, अंगाला कडी नाही, केस नाही, रंग मात्र असे की नजर हटत नाही. तिसरे रिबन वर्म, लांबच लांब, गुळगुळीत. याशिवाय पीनट वर्म, हॉर्सशू वर्म असे छोटे गट आहेत, ते पुढे येतील तसे सांगतो.

जायच्या आधीची तयारी

आपल्याकडे पोहणं बहुतेक विहिरीत नाहीतर कालव्यात शिकलेलं असतं, पाठीला ट्यूब बांधून. त्याने पाण्याची भीती गेलेली असते, हे मोठंच काम झालेलं असतं. पण विहिरीतलं पोहणं म्हणजे हातपाय जोरात मारायचे, आणि वर्म बघायला नेमकं उलटं लागतं, हात पोटाशी बांधलेले, पाय सावकाश, अंग आडवं आणि पाण्यात अधांतरी स्थिर. याला बोयन्सी म्हणतात आणि कोर्समध्ये इन्स्ट्रक्टर शिकवतो तेव्हा हाच भाग पुन्हा पुन्हा करून मागा. श्वास आत घेतला की अंग थोडं वर जातं, सोडला की खाली येतं, एवढ्यावर कोरलपासून हातभर अंतर राखता आलं की झालं. फिन्सची किक बेडकाची मारायची, म्हणजे पाय बाजूला फाकवून जवळ आणायचे, वरखाली मारलेल्या किकने तळाची वाळू उडते आणि मग पुढची पाच मिनिटं कोणालाच काही दिसत नाही, आणि पंखेवाले सगळे आत जातात ते वेगळंच.

कोर्स केला नसेल तरी हिरमुसायचं कारण नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला इन्स्ट्रक्टर धरून नेतो ती डाइव्ह साधारण १२ मीटरच्या आत असते, आणि क्रिसमस ट्री वर्म तर ३ ते १० मीटरमध्येच भरपूर असतात. फक्त वर असतानाच सांगून ठेवायचं की भाऊ, मला मासे कमी दाखव, एका कोरलवर पाच मिनिटं थांब. ओपन वॉटर कोर्स केला की १८ मीटरपर्यंत जाता येतं, त्याच्या खाली वर्मसाठी जायची गरजही फारशी पडत नाही.

आणखी एक, बोटीवर जायच्या आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी नको, सोबत घरून आणलेला ठेचा असला तरी नको. बोट हलायला लागली की ते सगळं वर येतं आणि उलटीने गळून गेलेल्या माणसाला पाण्याखाली बारीक बघायचा धीर राहत नाही. सर्दी असेल तर डाइव्ह सोडून द्या, कान मोकळे होत नाहीत. दमा, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर, मग बुकिंग.

जायचं कुठं तर खरी उष्णकटिबंधातली कोरल रीफ बघायची तर अंदमान आणि लक्षद्वीप. अंदमानला भुसावळहून हावड्याची गाडी धरून पुढे कोलकात्याहून विमान, किंवा चेन्नईहून विमान, मग बोटीने स्वराज द्वीप, ज्याला सगळे अजून हॅवलॉकच म्हणतात. लक्षद्वीपला परमिट लागतं, ते आधी बघून ठेवा. मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट आणि आपलं मालवण जवळ पडतं, मालवणला पाणी तेवढं स्वच्छ नसतं पण सुरुवात करायला, शरीर तयार करायला जागा चांगली आहे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरचं डाइव्हिंग बंद असतं, त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल धरून चाला.

उजेड, सावली आणि जवळ जायची पद्धत

पाण्यात खाली गेलं की सगळ्यात आधी लाल रंग जातो, ५-६ मीटरवरच लाल वस्तू मळकट तपकिरी दिसायला लागते. म्हणून दिवसाची डाइव्ह असली तरी छोटा टॉर्च घ्याच. लाल वर्म टॉर्चशिवाय समोर असून दिसत नाही, टॉर्च पडला की भडकून उठतो.

पण टॉर्च थेट तोंडावर मारायचा नाही. पंखेवाल्या वर्मच्या पंख्यावरच उजेड ओळखणारे बारीक डोळे असतात, आणि उजेडापेक्षाही त्यांना सावलीची भीती जास्त, कारण वरून सावली पडली म्हणजे मासा आला. त्यामुळे वरून जाऊ नका. बाजूने, कोरलच्या उंचीला येऊन, सूर्य कुठं आहे ते बघून आपली सावली मागे पडेल असं जा. शेवटचा मीटरभर तर नुसतं तरंगत जायचं. श्वास रोखायचा नाही, स्कूबात, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन केलेल्या डाइव्हमध्ये, श्वास रोखणं धोक्याचं, फक्त सावकाश सोडायचा म्हणजे बुडबुड्यांचा आवाज आणि धक्का कमी होतो.

हात लावायचा नाही. कशालाच. वर्मला नाही, कोरललाही नाही. प्रवाळ आणि समुद्रकाकडी (काकडीच्या आकाराचा तळावरचा मऊ प्राणी) दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या शेड्युल १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, तुटलेला तुकडासुद्धा घरी आणायचा नाही. पण कायद्याच्या आधी साधी गोष्ट आहे की फ्लॅटवर्मला बोट लागलं तर तो फाटतो आणि फायरवर्मला बोट लागलं तर बोटाचं काही खरं नाही.

जिवंत कोरलवर: पंखेवाले

सुरुवात क्रिसमस ट्री वर्मपासून करा. गोल दगडासारखं दिसणारं, गुळगुळीत, पिवळट किंवा करडं असं मोठं कोरल शोधा, त्याला पोराइट्स म्हणतात, हा वर्म त्याच्यावर हमखास सापडतो. दोन-दोनच्या जोडीने छोटे रंगीत गुंडाळलेले शंकू दिसतील, सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर उंच, निळे, पिवळे, नारिंगी, पांढरे, एकाच कोरलवर पाच रंगांचे. जोडी असली तरी वर्म एकच असतो हे लक्षात ठेवा, दोन्ही पंखे एकाच डोक्याचे. बाकीचं अंग कोरलच्या आत चुन्याच्या नळीत असतं, लहानपणी पिल्लू येऊन कोरलवर बसतं, स्वतःभोवती नळी बनवतं, कोरल वाढत जातं तशी नळीही वाढवत नेतं, आणि काही दशकं तो तिथंच जगतो. जागा बदलता येत नाही. पंख्याने पाण्यातले बारीक जीव गाळून खातो आणि त्याच पंख्याने श्वासही घेतो.

तुम्ही जवळ जाल आणि तो फट्कन आत जाईल. इथं बहुतेक जण पुढे निघून जातात, आणि बघायचं असतं ते इथून पुढेच. थांबा. अर्धा मिनिट, मिनिट, कधी त्याहून जास्त. आधी भोकाच्या तोंडाशी एक झाकण हलतं, त्या झाकणावर फांद्या फुटलेली दोन बारीक शिंगं असतात आणि शिंगांवर बऱ्याचदा शेवाळ साचलेलं असतं. झाकण जरासं बाजूला होतं, मग मिटलेल्या पिसांचा जुडगा हळूच वर येतो, रंग गडद वाटतो कारण सगळं एकावर एक मिटलेलं असतं, तेवढ्यात परत थोडा आत, परत वर, अंदाज घेत घेत, आणि मग दोन्ही पंखे एकदम उघडतात, एकेक पीस वेगळं होतं आणि रंग फिका आणि झळझळीत होतो. हे एकदा नीट बघितलं ना की माणूस परत मासे बघायला घाई करत नाही.

ओळखताना एक बारकावा. पुस्तकांत, नेटवर सगळीकडे याचं नाव स्पायरोब्रँकस जायगँटियस लिहिलेलं असतं, पण ती जात कॅरिबियनकडची. आपल्याकडच्या हिंद आणि प्रशांत महासागरात दिसतात ते स्पायरोब्रँकस कॉर्निक्युलेटस आणि त्याच्या जवळच्या जाती. झाकणावरच्या शिंगांचा आकार जात ठरवायला कामाला येतो, रंग येत नाही, कारण एकाच जातीत सगळे रंग असतात. म्हणून फोटोत झाकण यायला पाहिजे.

आणि काही लोक समजतात तसा तो कोरलला खातबित नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर असं दिसलंय की काटेरी तारामासा, क्राउन ऑफ थॉर्न्स, पोराइट्स खाऊन फस्त करतो तेव्हा या वर्मच्या आजूबाजूचा कोरलचा भाग वाचतो आणि तिथून कोरल परत सावरतं.

दुसरा पंखेवाला म्हणजे फेदर डस्टर. हा क्रिसमस ट्रीपेक्षा मोठा, पंखा पाच-दहा सेंटीमीटरचाही असतो, गुंडाळी नसते, गोल उघडलेला, तपकिरी-पांढरे पट्टे. फरक नळीत बघा. याची नळी मऊ, चामडी, चिकट स्राव आणि चिखल-वाळू मिसळून केलेली, आणि झाकण नसतं. क्रिसमस ट्रीची नळी चुन्याची, कडक, आणि झाकण असतं. चुन्याची नळी पण झाकण नाही आणि पंखा लालभडक असेल तर तो प्रोट्युला नावाचा तिसरा पंखेवाला असायची शक्यता. फार त्रास दिला तर काही फेदर डस्टर पंखाच तोडून टाकतात, नवीन वाढवायला त्यांना बरीच ताकद लागते, तेव्हा दुसऱ्यांदा आत गेला की सोडून द्या त्याला.

इथंच एक फसवणूक होते. कोरलमधून वाकडीतिकडी चुन्याची नळी वर आलेली दिसते, पंखा काही बाहेर येत नाही, आणि तोंडाशी जाळ्यासारखा चिकट पडदा हलत असतो. तो वर्म नाही, ती वर्म स्नेल, म्हणजे गोगलगाय. ती चिकट जाळं सोडते, त्यात अडकलेलं सगळं जाळ्यासकट गिळते.

भेगा आणि वाळू: धागेवाले

कोरलच्या पायथ्याशी, जिथं तुटके तुकडे आणि वाळू असते तिथं पांढरे, थोडे पारदर्शक धागे पसरलेले दिसले तर तो स्पॅगेटी वर्म. लोक त्याला प्लास्टिकचा दोरा समजून उचलायला जातात, असं करू नका. धागे मीटरभरसुद्धा लांब असतात आणि वर्म स्वतः भेगेत किंवा वाळूत लपलेला, तो दिसत नाही. एक धागा निवडा आणि टॉर्चचा कडेचा उजेड टाकून जवळून बघत बसा. धाग्याला लांबीभर पन्हळ असते, तिच्यात न दिसणारे बारीक केस हलत असतात आणि त्यावरून अन्नाचे कण एकामागे एक सरकत तोंडाकडे जातात. कण थांबतो, परत सरकतो, मध्येच सगळा धागा आखडतो आणि कण घेऊन निघून जातो. जवळ कोणी फिन मारली तर सगळे धागे एकाच वेळी आत.

असाच दुसरा पण हिरवा, आणि धाग्याचं टोक वाय आकारात दुभंगलेलं, तो बोनेलिया. दिसते ती त्याची सोंड, अंग दगडात. खरं तर 'ती' म्हणायला हवं, कारण दिसते ती मादीच. नर १ ते ३ मिलिमीटरचा, आणि तो मादीच्या अंगातच राहतो. पिल्लू मोकळ्या तळावर बसलं तर बहुतेक करून मादी होतं, एखाद्या मादीच्या सोंडेवर बसलं तर बहुतेक करून नर होतं. अशी सोंड दिसली की ती किती लांब गेलीय ते बघत मागे मागे जा, भेगेपर्यंत पोचाल.

वाळूतच अंगठ्याच्या नखाएवढं सुटं कोरल सरकताना दिसलं तर दचकू नका. त्याच्या खाली पीनट वर्म राहतो. कोरल त्याला घर देतं आणि तो त्या कोरलला ओढत फिरवतो, वाळूत बुडू देत नाही. हेटेरोप्सॅमिया नावाचं कोरल यासाठी प्रसिद्ध आहे. वाळूचा पट्टा कंटाळवाणा समजून ओलांडून जाणाऱ्यांना हे कधी दिसणार नाही.

नळीत राहणारी, फुलासारखी दिसणारी सी अ‍ॅनिमोनी असते, सेरियंथस, तिच्या नळीच्या बाहेरच्या भिंतीत काळसर घोड्याच्या नालासारखे छोटे तुरे दिसले तर ते हॉर्सशू वर्म. बरेच लोक ते अ‍ॅनिमोनीचाच भाग समजतात.

फ्लॅटवर्म आणि न्यूडिब्रँक यात घोळ घालू नका

हा घोळ सगळ्यात जास्त होतो, डाइव्ह सेंटरच्या फळ्यावरसुद्धा फ्लॅटवर्मच्या फोटोखाली न्यूडिब्रँक लिहिलेलं असतं. न्यूडिब्रँक म्हणजे शंख नसलेली गोगलगाय. फरक असा बघायचा. न्यूडिब्रँकच्या डोक्यावर दोन जाडसर शिंगं मुळापासून वेगळी उभी असतात आणि बऱ्याच जातींना पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा झुबका असतो. फ्लॅटवर्मला कल्ले नाहीतच, आणि समोर शिंगं वाटतात ती कडेचीच घडी वर उचललेली असते. जाडी बघा, फ्लॅटवर्म इतका पातळ की दगडाच्या उंचसखल भागावर अंग तसंच्या तसं बसतं. चाल बघा, न्यूडिब्रँक हळू, फ्लॅटवर्म घसरत भरभर जातो, आणि कधी तळ सोडून कडा लाटेसारख्या हलवत पोहायलाही लागतो. तो पोहायला लागला की पाठलाग करू नका, जिथं आहात तिथूनच बघा, तेवढं पुरतं.

शोधायचे तर दगडांच्या कपारीत, आणि ज्या ठिकाणी सी स्क्वर्ट, म्हणजे कोरलवर चिकटलेल्या छोट्या रंगीत पिशव्या जास्त असतील तिथं, कारण बरेच फ्लॅटवर्म तेच खातात. जात ओळखायला कडेवरच्या पट्ट्यांचा क्रम सगळ्यात महत्त्वाचा. सगळ्यात बाहेरचा पट्टा कोणता, त्याच्या आतला कोणता, मधली रेघ कुठून कुठपर्यंत. स्यूडोसेरोस बायफर्कस निळा-जांभळा, पाठीवर मधोमध पांढरी रेघ आणि तिचं पुढचं टोक नारिंगी. स्यूडोबायसेरोस बेडफर्डी, ज्याला डाइव्हर पर्शियन कार्पेट म्हणतात, त्याच्या पाठीवर आडवे पट्टे आणि असंख्य पांढरे ठिपके. आणि स्यूडोसेरोस इमिटेटस हा तर फिलिडिएला नावाच्या विषारी न्यूडिब्रँकची हुबेहूब नक्कल करतो, गाठीसकट, तिथं जाडी आणि कडेची घडी बघूनच ठरवावं लागतं.

दोन बायफर्कस एकमेकांसमोर पुढचा भाग उचलून उभे दिसले तर अजिबात हलू नका. प्रत्येक जण नरही असतो आणि मादीही, आणि दोघंही दुसऱ्याच्या अंगात आपला लिंगाचा काटा खुपसायचा प्रयत्न करतात, ज्याला टोचलं जातं त्याच्यावर अंडी घालायचं काम येतं. टॉर्च बाजूला वळवा आणि बघा.

बबल कोरलवर किंवा मऊ लेदर कोरलवर तपकिरी-नारिंगी ठिपके, २ ते ५ मिलिमीटरचे, दाटीने पसरलेले दिसतात, आणि वाटतं कोरलला रोग झाला. ते वॅमिनोआ, एसील नावाच्या गटातले चपटे वर्म. त्यांच्या अंगात कोरलसारखंच शेवाळ राहतं. लोकांच्या नजरेला हा रोगच वाटतो, तेव्हा वर आल्यावर बाकीच्यांना आवर्जून सांगा.

दुसऱ्याच्या अंगावर राहणारे

समुद्रकाकडी दिसली की तिच्यावरून टॉर्च सावकाश फिरवा, उचलू नका. अंगावर खवल्यांच्या दोन ओळी असलेला चपटा वर्म, तिच्याच रंगाचा, दिसू शकतो, तो स्केल वर्म. फेदर स्टार, म्हणजे पिसांसारखे हात असलेला तारामाशाचा भाऊबंद, त्याच्या हातांवर छोट्या चकत्या दिसल्या तर त्या मायझोस्टोम, तेही वर्मच. स्पंजवर पांढरी बारीक धाग्यांची गर्दी असेल तर ते बहुतेक सिलिड वर्म. आणि एक लांबच लांब, पट्ट्यापट्ट्याचं, मऊ, तळावर पडलेलं, दोन मीटरचंही असतं असं काही दिसलं, आणि त्याच्या एका टोकाला पिसांसारखे हात माती चाटत असतील, तर तो वर्म नाही, सायनॅप्टा, तीही समुद्रकाकडीच.

रात्रीची डाइव्ह

रिबन वर्म, फायरवर्म आणि बॉबिट, या तिघांसाठी रात्र. दिवसा ते दगडाखाली किंवा वाळूत असतात. बेसिओडिस्कस हेंप्रिची हा रिबन वर्म पांढरा, पाठीवर गडद रेघ आणि डोक्यावर त्या रेघेचं टी अक्षर, मीटरभर सहज. अंगाला कडी आहे का बघा, नसेल तर रिबन.

बॉबिट वर्म, युनिस अ‍ॅफ्रोडिटॉइस, वाळूत उभं बीळ करून बसतो, वर फक्त डोकं, उघडे जबडे आणि पाच पट्टेरी मिशा. मासा मिशीला लागला की खाली ओढतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. २००९ मध्ये जपानच्या शिराहामा इथं मासेमारी बंदरातल्या तराफ्याच्या फ्लोटमध्ये सापडलेला एक २९९ सेंटीमीटर लांब आणि ६७३ कड्यांचा होता. इंडोनेशियाच्या लेंबेह सामुद्रधुनीत तर याच्यासाठीच लोक रात्री उतरतात. लाल टॉर्च वापरा, तळापासून वर रहा, वाळूवर गुडघे टेकू नका आणि बोट तर नकोच. लेंबेहलाच हेही दिसलंय की मासे गोळा होऊन त्याच्या बिळात तोंडाने पाणी फुंकतात, मग तो आत जातो.

चंद्रही बघून ठेवा. बरेच पॉलिकीट अंडी सोडायला ठराविक तिथीला पाण्यात वर येतात. सामोआत पालोलो वर्म ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चंद्राच्या शेवटच्या चतकोराला, वद्य अष्टमीच्या आसपास, वर येतो, खरं तर नुसता शेपटाकडचा भाग तुटून येतो, आणि लोक जाळ्या घेऊन तो पकडतात आणि खातात. आपल्याकडच्या पाण्यात रात्री बोटीच्या दिव्याखालीही वळवळणारे छोटे वर्म दिसतात, डाइव्ह संपल्यावर शिडी चढायची घाई न करता तेवढं बघून घ्या.

विमानाचं गणित इथंच बसवा. एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्या असतील तर विमानात बसायच्या आधी निदान १८ तास जाऊ द्यायचे, म्हणजे सकाळची फ्लाइट असेल तर आदल्या रात्रीची नाइट डाइव्ह ठेवायचीच नाही.

फायरवर्मचे केस लागले तर

दगडाखाली किंवा उघड्यावरही गुलाबी-नारिंगी अंगाचा, दोन्ही बाजूंना पांढरे झुपके असलेला वर्म दिसला तर तो फायरवर्म, युरिथो, आणि रुंद, पाठीवर गडद ठिपक्यांची रांग असलेला असेल तर क्लोइया. क्लोइया फार देखणा आहे आणि टॉर्चकडे पोहत येतो, तेव्हा मागे सरा. त्याला डिवचलं की झुपके ताठ होतात. केस पोकळ, ठिसूळ, कातडीत घुसून तुटतात, आग होते, सूज येते, कधी बरेच दिवस खाज राहते. चोळायचं नाही, चोळलं की आणखी आत जातात. बाहेर आल्यावर भाग कोरडा करून चिकटपट्टी लावा आणि ओढून काढा, एक पट्टी एकदाच, मग नवीन. नंतर व्हिनेगर लावा. डोळ्याला लागलं असेल, धाप लागली किंवा अंगभर गांधी उठल्या तर सरळ डॉक्टर. फर्स्ट एड बॉक्समध्ये चिकटपट्टी आणि व्हिनेगर आहे का हे बोटीवर चढतानाच विचारा.

फोटो

मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून बारीक वस्तूचा फोटो काढायची सोय, लागतो. ऑलिंपसच्या (आता ओएम सिस्टम नावाने येणाऱ्या) टीजी सिरीजचा छोटा कॅमेरा या कामाला चांगला, मोबाइल कव्हरमध्ये घालून एवढं जवळचं नीट येत नाही. क्रिसमस ट्रीचा फोटो बाजूने, मागे निळं किंवा काळं पाणी येईल असा. फ्लॅटवर्मचे दोन घ्या, एक समोरून डोक्याच्या घडीसाठी आणि एक वरून पूर्ण अंगाचा, कारण वरचाच ओळखायला लागतो. स्पॅगेटी वर्मचा फोटो फारसा उठत नाही, व्हिडिओ घ्या. दोन-चार फ्लॅश झाले की बस.

वर आल्या आल्या, कपडे बदलायच्या आधी, खोली, वेळ, वाळू की कोरल, कशाच्या अंगावर होता, झाकण दिसलं का, पट्ट्यांचा क्रम काय, एवढं वहीत उतरवा. मग फोटो आयनॅचरलिस्टवर (जीवांचे फोटो टाकून ओळख विचारायची वेबसाइट) टाका, जाणकार तिथं नाव सांगतात. बऱ्याचदा नाव जातीपर्यंत पोचत नाही, वंशावरच थांबतं, फ्लॅटवर्मचं तर आतला भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय पक्कं होत नाही, तेव्हा नुसतं 'स्यूडोसेरोस' लिहिलं तरी ते बरोबरच आहे.

पाण्यात उतरायचंच नसेल तर

आईवडील, लहान पोरं सोबत असतील तर जामनगरजवळचं नरारा बघा. कच्छच्या आखातातलं मरीन नॅशनल पार्क, १९८२ मध्ये जाहीर झालेलं. इथं ओहोटीला पाणी मागे जातं आणि रीफवरून चालता येतं, वनखात्याची परवानगी आणि सोबत गाइड घेऊन. आपल्याला जायलाही सोपं, भुसावळ-सुरत लाइनने सुरत गाठायचं, जळगाव, अमळनेर, नंदुरबार सगळी त्याच लाइनवर, आणि पुढे जामनगरची गाडी. उथळ डबक्यांत स्पॅगेटी वर्मचे धागे, फ्लॅटवर्म, नळीतले पंखेवाले बघायला मिळतात, मास्कसुद्धा लागत नाही. थंडीत जा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची तारीख धरा कारण तेव्हा ओहोटी जास्त लांब जाते, आणि ओहोटीची वेळ आधी फोनवर बघून ओहोटी सुरू होतानाच तिथं पोचा. पायात घोट्यापर्यंतचे जुने बूट, चप्पल नको. उचललेला दगड जसा होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा, खालच्या बाजूला चिकटलेले वर्म उन्हात मरतात. भरतीचं पाणी फिरलं की गाइड परत बोलावतो, तेव्हा डबक्यात कितीही भारी काही दिसत असलं तरी लगेच निघायचं.